चित्रा झडप: नीलमणी हरला, प्लास्टिक टिकलं

लहान मुलाचा घसा सुजतो, ताप येतो, पुढे सांधे धरतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर हा रुमॅटिक ताप हृदयाच्या झडपा खराब करतो आणि ऐन तरुणपणी झडप बदलायची वेळ येते. १९७०च्या दशकात कृत्रिम झडपा परदेशातून यायच्या. त्यांची किंमत बहुतेक रुग्णांना झेपणारी नव्हती. झडप इथेच बनवायची, असं तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतले हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी ठरवलं.

संस्थेचं रुग्णालय एकीकडे आणि अभियंते, रसायनतज्ज्ञ, पशुवैद्य यांच्या प्रयोगशाळा दुसरीकडे, चक्क राजघराण्याच्या सॅटेलमंड राजवाड्यात. १९८०च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. ती विद्यापीठाप्रमाणे पदव्याही देते.

झडप दिसायला साधी. धातूची कडी, तिच्यात कलून उघडणारी चकती आणि टाके घालण्यासाठी भोवती पॉलिएस्टर कापडाची किनार. पण हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे एक लाख, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. दर ठोक्याला चकती कडीवर आपटणार, तीही खारट रक्तात. पृष्ठभाग जरा खडबडीत झाला की तिथे गुठळी धरते.

पहिल्या मॉडेलचा, चकती धरून ठेवणारा दांडा वेल्डिंगपाशी तुटला. मग टायटॅनियमच्या सांगाड्यात कृत्रिम नीलमण्याची चकती बसवली. नीलमणी इतका कठीण की टायटॅनियमच झिजू लागलं! म्हणून सांगाडा कोबाल्टच्या मिश्रधातूचा केला. प्रयोगशाळेत तो टिकला, पण मेंढीच्या हृदयात चकतीच फुटली. कागदावर सरस असलेला पदार्थ शेजारच्या पदार्थाशी जुळला नाही तर काय होतं, ते या मेंढीने दाखवलं. धातूवाल्यांनी एकट्याने काम केलं असतं तर हे पहिल्या रुग्णातच कळलं असतं.

चौथ्या मॉडेलमध्ये सांगाडा एकाच तुकड्यातून कोरून काढला, म्हणजे वेल्डिंगची भानगडच नाही. चकती चिवट पॉलिथिलीनची. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरतात तेच प्लास्टिक. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. पुढे तिचं उत्पादन टीटीके समूहाने केलं. हो, तेच प्रेशर कुकरवाले. आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.

प्लास्टिकच्या चकतीचा एक फायदा रुग्णालाच जाणवतो: झडप बंद होतानाचा आवाज मऊ असतो. इतर झडपांमधल्या कार्बनच्या चकत्यांची टिकटिक कित्येकांना रात्री उशीवर ऐकू येते.

गुठळीचा धोका मात्र याही झडपेला आहे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिचा डोस ठरवायला वरचेवर रक्त तपासावं लागतं. एखाद्या आठवड्यात मेथी-पालक नेहमीपेक्षा जास्त खाल्ला तरी हिशेब चुकतो. तपासणीची सोय तालुक्याच्या गावी असेल, तर दर वेळी मजुरी बुडवून जावं लागतं.