कडधान्यांसाठी ओल्या कचऱ्याचं खत

भाज्यांची सालं, देठं, निवडलेल्या मेथीच्या काड्या, चहाचा चोथा असा स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून चवळी, वाल, घेवडा, मूग, हरभरा अशा शेंगवर्गीय पिकांना घालायची पद्धत. परसात, गच्चीत सगळीकडे चालते.

उगम : याबद्दल एकमत नाही. काहीजण सुरपालाच्या वृक्षायुर्वेद या झाडांच्या निगेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथापर्यंत (इ. स. 1000च्या आसपासचा धरतात) मागे जातात आणि कुणपजलाचा दाखला देतात, पण कुणपजल म्हणजे मांस-चरबी उकळून आंबवलेलं पातळ खत, त्यात भिजवलेले उडीद पडतात हे खरं, तरी सालांच्या ढिगाशी त्याचं नातं लावणं ओढूनताणून वाटतं. दुसरं मत ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीचं. 1924 ते 1931 या काळात इंदूरला त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, वरखाली करत साधारण 3 महिन्यांत खत करायची रीत बसवली, कापसाच्या पऱ्हाट्या तर आधी गाडीच्या चाकांखाली चिरडून घ्यायचे. उकिरडा त्याहून कितीतरी जुना, पण हवा खेळती ठेवून मुद्दाम कुजवायचं तत्त्व आजच्या घरगुती खतात आहे ते इंदूरच्या जवळचं, म्हणून हे मत जास्त पटतं.

नत्राचा मुद्दा : खरी गोम इथे आहे. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देतात. हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 मध्ये मांडलं, बायरिंकनी 1888 मध्ये ते जिवाणू वेगळे काढले. आता मातीत तयार नायट्रेट (झाडाला लगेच घेता येणारं नत्राचं रूप) भरपूर मिळालं की झाड गाठी धरायला आळस करतं, पाला हिरवागार, शेंगा मात्र मोजक्या. म्हणूनच तूर-हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद (फॉस्फरस) असा नत्र कमी, स्फुरद दुप्पट डोस सांगतात. पूर्ण कुजलेल्या खतात नत्र बहुतेक सेंद्रिय रूपात, हळूहळू सुटणारा असतो, त्यामुळे गाठींना तो सहसा नडत नाही, शिवाय स्फुरद, पालाश (पोटॅश) आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) मिळतो तो वेगळाच. तपासायचं तर महिन्याभराचं चवळीचं एक रोप मातीसकट अलगद काढा, गाठ नखाने फोडा : आत गुलाबी-लाल दिसली (लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्यामुळे) तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

कर्ब-नत्र : कुजायला 25 ते 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र बरा पडतो. भाजीचा कचरा पाणीदार आणि नत्राने जड, म्हणून नुसता साठवला की चिकचिक होऊन वास मारतो. वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळलाच पाहिजे, इथे कंजुषी करू नये.

कच्चा कचरा : सालं थेट बुंध्याशी पुरणं टाळावं. हरभऱ्यात न कुजलेला काडीकचरा वरच्या थरात राहिला आणि ओल असली की स्क्लेरोशियम बुरशी बळावते, रोप जमिनीलगत कुजून माना टाकतं, यालाच मानकुज म्हणतात. खारट, तेलकट उरलेलं अन्नही नको.

प्रमाण : शेतात हरभऱ्याला हेक्टरी 5 टन शेणखत सांगतात, तेवढं एका घरच्या कचऱ्यातून निघणं शक्यच नाही. कुंडीला पेरणीआधी ओंजळभर चाळलेलं खत मातीत मिसळतात.