कॅमेलिया, अनंत आणि ‘जीए’चा थेंब

हिवाळ्यात पुष्पप्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला की गुलाब आणि शेवंतीच्या मांडवात गर्दी असते आणि वाद मात्र कोपऱ्यातल्या झुडपांच्या कुंड्यांभोवती रंगतात. कुंडी घरी वाढवलेली आहे की परवाच नर्सरीतून उचललेली? कळ्या आपसूक धरल्यात की काही मारून धरायला लावल्यात? कोल्हापुरात हे प्रश्न हलक्या आवाजात विचारले जातात. कॅमेलिया या शोभेच्या फुलझुडपाच्या जगात ते साठ वर्षांपूर्वीच चव्हाट्यावर आले आणि त्यांच्यासाठी नियमही झाले. म्हणून इथल्या झुडपांची पार्श्वभूमी सांगताना दूरच्या त्या फुलाकडे जावं लागतं.

तसं ते फार दूरचं नाही. चहा आणि शोभेचा कॅमेलिया एकाच वनस्पती-वंशातले, जाती तेवढ्या वेगळ्या. शाहू महाराजांच्या काळात पन्हाळा आणि भुदरगडच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग झाले होते. म्हणजे कॅमेलियाचा सख्खा भाऊ शंभरेक वर्षांपूर्वी करवीर संस्थानात रुजला होता. जागा निवडताना विचार होता हे नक्की. पन्हाळ्याची उंची तीन हजार फुटांच्या आसपास, जमीन जांभ्याची, तांबडी आणि आम्लधर्मी, पाऊस भरपूर आणि उतारावरून पाणी वाहून जाणारं. चहाला जे लागतं तेच कॅमेलियाला लागतं. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात यातलं काहीच मिळत नाही. शहरातल्या बागप्रेमीच्या अंगणात माती काळी किंवा विकतची, पाणी बोअरचं आणि जड. उसाला ते चालतं, या झुडपांना चालत नाही.

याची प्रचिती कॅमेलिया न लावताही येते. अनंत लावून बघावा. तशीच गडद चकचकीत पानं, तसंच पांढरं भरगच्च फूल आणि खोडीही त्याच. पाणी एक दिवस चुकलं किंवा एकदम तापलं की टपोऱ्या झालेल्या कळ्या उमलायच्या आधीच गळून पडतात. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोह न मिळाल्याचं लक्षण. मातीत लोह नसतं असं नाही, पण चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना उचलता येत नाही. इक्सोरालाही हेच होतं. जुने माळी हिराकस (फेरस सल्फेट) घालतात, नवे चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज उचलता येणारं लोह, फवारतात. दोन्हींनी पानं हिरवी होतात, पण पाणी तेच राहिलं तर काही महिन्यांनी पुन्हा पिवळी पडतात. पावसाळ्यात साठवलेलं पाणी झुडपांसाठी राखून ठेवणं हा त्यातल्या त्यात खरा उपाय.

युरोपातला जुना इतिहास थोडक्यात. १७३९च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका सरदाराच्या काचघरात कॅमेलिया फुलल्याची नोंद आहे. पहिली रोपं जास्त उष्णतेनं मेली असं सांगतात. १७९२ साली चीनकडून येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून पांढरी दुहेरी जात तिथं पोचली आणि श्रीमंतांत तिचं वेड पसरलं. हे झुडूप थंडीत टिकणारच नाही या समजुतीपायी त्यासाठी मोठमोठी काचघरं उभी राहिली. लंडनजवळच्या अशा एका काचघरात १८२८ साली लावलेल्या कॅमेलियांची परंपरा आजही जपली आहे. खरं तर हे झुडूप बाहेरच्या थंडीत मजेत राहतं. ते लोकांच्या ध्यानात येईपर्यंत फॅशन ओसरली होती. विसाव्या शतकात त्याला पुन्हा दिवस आले. अमेरिकेत १९४५ साली राष्ट्रीय संघटना झाली, १९६२ साली आंतरराष्ट्रीय. आज ज्याला कॅमेलियाचं प्रदर्शन म्हणतात त्याची शिस्त मुख्यतः या दुसऱ्या फेरीतली आहे. एकेक फूल देठाशी एखाद-दोन पानं ठेवून मांडायचं, आकारानुसार लहान ते अतिमोठं असे वर्ग पाडायचे, पाकळ्यांच्या रचनेनुसार एकेरी, अर्धदुहेरी, दुहेरी असं नोंदवायचं, आणि जातीचं नाव चुकलं तर फूल कितीही देखणं असलं तरी बाद.

आता वादाचा मुद्दा. त्याची सुरुवात भातापासून होते. भाताची रोपं अचानक लांबलचक, फिकट वाढून कोलमडण्याचा एक बुरशीजन्य रोग आहे. १९२६ साली एका जपानी संशोधकानं दाखवून दिलं, की बुरशी नसली आणि तिचा नुसता अर्क असला तरी रोपं तशीच वाढतात. त्या द्रव्याला १९३५ साली जिबरेलिन हे नाव मिळालं. पुढं ते कारखान्यात बनू लागलं. आपल्या भागात त्याची ओळख करून द्यायला नको. तासगाव-मिरजेच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला ‘जीए’ (जिबरेलिक अ‍ॅसिड) म्हणजे काय विचारा, तो फळछाटणीनंतर कितव्या दिवशी किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) हे तोंडपाठ सांगेल.

अमेरिकेतल्या कॅमेलियावाल्यांनी हाच जीए १९६०च्या दशकात कळ्यांना लावायला सुरुवात केली. फुलाच्या कळीशेजारी पानाची कळी असते. ती खुडायची, खाली वाटीसारखा बुंधा राखायचा आणि त्यात द्रावणाचा एक थेंब सोडायचा. हे द्रावण द्राक्षाच्या फवाऱ्यापेक्षा शेकडो पट तीव्र असतं. कळी फुगते, फूल नेहमीपेक्षा मोठं होतं आणि मुख्य म्हणजे कित्येक आठवडे आधी उमलतं. बदल्यात त्या जागची पुढच्या वर्षीची फांदी जाते, आणि कधी फूल बेढब होतं ते वेगळंच.

हे करावंसं का वाटलं, याकडे वादात सहसा दुर्लक्ष होतं. मोठं फूल हवं ही हौस होतीच, पण त्याहून मोठी अडचण तारखेची होती. प्रदर्शनं नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होत आणि बहुतेक देखण्या जातींचा बहर त्यानंतरचा. प्रदर्शनाची तारीख आधी ठरली आणि फुलाला त्या तारखेला हजर करायचं काम थेंबाकडे आलं. फुलाच्या हंगामाप्रमाणे प्रदर्शन ठेवलं असतं तर थेंबाची निकड निम्म्यानं कमी झाली असती, असं माझं मत. पण सभागृहं, सुट्ट्या आणि बक्षीस समारंभ फुलांच्या सोयीनं ठरत नाहीत.

मग दोन तट पडले. एकांचं म्हणणं, ही लबाडी आहे, अशी फुलं प्रदर्शनात नकोच. दुसऱ्यांचं म्हणणं, छाटणी, खत, जादा कळ्या खुडणं हेही माणसाच्या हातचंच, मग एका थेंबानंच काय बिघडवलं? बंदी आली नाही. ‘उपचार केलेलं’ आणि ‘उपचार न केलेलं’ असे दोन गट पडले आणि अमेरिकेतल्या प्रदर्शनांत आजही तशी मांडणी दिसते. नीट पाहिलं तर तोडगा शहाणपणाचा आहे, कारण बंदी पाळली गेली की नाही हे तपासणार कोण? उमललेल्या फुलाकडे बघून थेंब पडला होता की नाही हे खात्रीनं सांगणं अवघड. वेगळा गट दिला की लपवण्याचं कारणच उरत नाही. तरी त्याची एक बाजू मला खटकते. उपचार केलेल्या गटातली फुलं मोठी आणि डोळ्यांत भरणारी, त्यामुळे बघ्यांची गर्दी तिकडे वळते आणि उपचार न केलेल्या गटाला नुसती सचोटीची पावती मिळते.

कोल्हापुरात कॅमेलियाचं प्रदर्शन भरत नाही. कोणी हौसेनं कालिम्पाँगकडून रोप मागवतो, ते पहिल्या हिवाळ्यात आणलेल्या कळ्यांवर फुलतं आणि एप्रिलच्या उन्हात मान टाकतं. इथला वाद जास्वंद, बोगनवेल, इक्सोरा, मुसांडा, पॉइन्सेटिया यांच्या कुंड्यांचा आहे आणि इथलं औषध नेमकं उलट काम करतं. जीए वाढवतो, इथं नर्सरीत वापरली जातात ती वाढ रोखणारी द्रव्यं. एक सीसीसी, जे द्राक्षवाले खरडछाटणीनंतर वेलीचा जोर आवरायला वापरतात. दुसरं पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला कोकणातले हापूसवाले सरळ ‘कल्टार’ म्हणतात. कुंडीतल्या झुडपाला ते दिलं की पेरं आखूड पडतात, पानं गडद होतात आणि हातभर झाडाला फुलांचा सडा येतो. बघणारा हरखून जातो. घरी नेल्यावर असर उतरला की तीच जास्वंद सुसाट उंच वाढते आणि फुलं फांदीच्या टोकाला चार. ग्राहक म्हणतो नर्सरीवाल्यानं फसवलं, नर्सरीवाला म्हणतो तुम्हाला निगा राखता येत नाही. दोघंही अर्धे बरोबर असतात.

पूर्वी हे इतकं नव्हतं. झुडपं फाट्यानं वाढत. शेजारणीकडून आणलेली जास्वंदीची काडी, देवळातल्या फुलासाठी लावलेली कण्हेर, कुंपणाला मेंदी, परसात अनंत नाहीतर कुंदा. शोभेसाठी झुडूप विकत आणायची चाल आधी बंगले, दवाखाने, कचेऱ्यांच्या आवारात रुजली. पश्चिम भारतात तिचा उगम इंग्रजी अमदानीत आहे. १८३० साली स्थापन झालेल्या कृषी-बागायत संस्थेकडे पुण्याची एम्प्रेस गार्डन अजून आहे आणि तिथलं प्रजासत्ताक दिनाच्या आसपासचं पुष्पप्रदर्शन पाहायला आजही इथून लोक जातात. बंगळुरूच्या लालबागेतलं काचगृह १८८९-९०चं. आपल्याकडच्या प्रदर्शनांचे गट, गुणपद्धती, चषक सगळं त्या वळणाचं. कलकत्त्याहून बोगनवेलीच्या जाती देशभर गेल्या. एकाच फांदीवर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही रंगांची वरची पानं धरणारी ‘मेरी पामर’ १९४९ सालची, तिथलीच. घाणेरीही अशीच शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत आली. ती पुढं कुठं कुठं पसरली हे राधानगरी-गगनबावड्याच्या रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतंच.

गेल्या काही दशकांत पुरवठ्याची साखळीच बदलली. आंध्रातल्या कडियमहून आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडून ट्रक भरून कुंड्या येतात, प्लास्टिकच्या पिशवीतून कोकोपीटमध्ये वाढलेल्या. प्रदर्शनात उतरणाऱ्याला मग फार काही करावं लागत नाही. आदल्या आठवड्यात तयार कुंडी आणावी, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या मातीच्या कुंडीत बसवावी, गेरू फासावा. म्हणूनच कुंडी स्पर्धकाकडे प्रदर्शनाआधी दोन-तीन महिने असली पाहिजे अशी अट अनेक ठिकाणी असते. हेतू चांगला, पण ती तपासायची सोय नाही. शिवाय पॅक्लोब्युट्राझोल कुंडीतल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतं. अट काटेकोर पाळलेल्या कुंडीतही नर्सरीच्या औषधाचाच बहर असू शकतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. त्याला ‘उपचार केलेल्या’ गटात घालायचं की दुसऱ्या? कॅमेलियाचा नियम इथं जसाच्या तसा उचलता येत नाही तो याचमुळे. तिथं थेंब मालकानंच टाकलेला असतो.

आणखी एक गुंता पाण्याच्या ताणाचा. बोगनवेलीला महिनाभर पाणी तोडलं की पानं गळतात आणि मग ती रंगानं पेटते. डाळिंबाचा बहर धरणारा शेतकरी तेच करतो. याला कोणी औषध म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण फुलाला तारखेला आणणं हाच आक्षेप असेल, तर ताणही त्यातच बसतो. मला रेघ ओढायचीच असेल तर ती बाटलीपाशी ओढेन. बाटलीतून आलेलं असेल तर कार्डावर लिहा, आणि नर्सरीची कुंडी असेल तर नर्सरीत काय दिलं होतं हे विचारून लिहा. नर्सरीवाले सांगणार नाहीत असं म्हणतात. बक्षीसपात्र गटासाठी ते कार्ड सक्तीचं झालं की दोन हंगामांत सांगायला लागतील.

जास्वंदीची अडचण वेगळीच. तिचं फूल सकाळी उमलतं आणि बहुतेक जातींत संध्याकाळी मिटतं. परीक्षक दुपारी दोनला आले तर जिंकणारं फूल सुकायला लागलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या लोकांना बक्षिसाची चिठ्ठी आणि तिच्यामागे गुंडाळी झालेलं फूल दिसतं. म्हणून सुटी जास्वंद प्रदर्शनात मागे पडली आणि कुंडीतली पुढं आली. फुलदाणीत दिवसचे दिवस टिकणाऱ्या शेवंतीला जे जमतं ते तिला जमत नाही. त्यात पिठ्या ढेकणानं हैराण केलेल्या झाडाची सुबक कुंडी तयार करायची तर तयार माल आणणं सोपं वाटतं.

आणि तारखेचा प्रश्न इथंही आहेच. शहरातलं हौशी मंडळींचं प्रदर्शन हिवाळ्यात, महावीर उद्यानात भरतं. शेवंती, डेलिया, गुलाब यांना हा काळ उत्तम. पण जिल्ह्याची स्वतःची फुलणारी झुडपं तेव्हा एकतर हिरवीगार उभी असतात किंवा त्यांचा बहर उलटून गेलेला असतो. भुतकेसाची पांढरी पानं पावसाळ्यातली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा, तीही पाऊस ओसरता. धायटी लालभडक होते ती जानेवारीनंतर, अंजनीचे निळे झुबके त्याच्याही पुढं, आणि करवंदीचा सुवास उन्हाळ्याच्या तोंडावर. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात आणि काही मोजक्या नर्सरींत यांची रोपं तयार होतात. तांबड्या मातीतली ही झुडपं हिराकस मागत नाहीत. एकदा धरली की उन्हाळाही काढतात. त्यांना हिवाळ्यातल्या मांडवात आणायचं तर कुठलंसं औषध शोधावं लागेल. त्यापेक्षा फेब्रुवारीच्या शेवटी एका दिवसाचं, सकाळी आठ ते बारा एवढंच, फक्त झुडपांचं प्रदर्शन ठेवलं तर धायटी हजर असेल, जास्वंदही मिटलेली नसेल.