विहीर आणि पाणीउपसा (कोल्हापूर)

जमिनीखाली मुरलेले पाणी विहीर किंवा बोअर खणून वर आणण्याच्या कामाला पाणीउपसा म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात या कामाची रीत दोन गोष्टींनी ठरवली: पायाखालचा काळा कातळ आणि पंचगंगा खोऱ्यातल्या नद्या.

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि कातळाच्या भेगांत साठते. त्यामुळे विहिरीला पाणी लागणे म्हणजे या भेगा उघड्या पडणे. एका बांधावर भरपूर पाणी आणि पलीकडच्या शेतात कोरडा खड्डा, हा अनुभव म्हणूनच येतो. इथली खोदलेली विहीर रुंद ठेवतात, कारण ती पाझराची जागा तर आहेच, शिवाय हौदही आहे: झरे रात्रभर हळूहळू भरतात, दिवसा ते पाणी उपसतात.

वीज येण्याआधी उपसा मोटेने होई. तिची रचना दाद द्यावी अशी आहे. चामड्याच्या मोटेला खाली निमुळती सोंड असते. जाड नाडा तोंडाला आणि बारीक सोंदूर सोंडेला बांधतात. मोट वर येत असताना सोंदुराने सोंड तोंडाच्या बरोबरीने उचललेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून दूर जाणाऱ्या उतरत्या वाटेवरून, उतरत जातात आणि मोट काठावर आली की सोंड थारोळ्याकडे, म्हणजे काठावरच्या लहान हौदाकडे, वळून आपोआप रिकामी होते. तिथून पाणी पाटाला लागते.

पुढे ऑइल इंजिन आणि मग विजेची मोटर आली. पंपाबद्दल एक समज फार पक्का आहे, की तो पाणी ओढतो. खरे म्हणजे पंखा फिरून पाणी बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेला हवेचा भार पाणी पाइपातून वर ढकलतो. हा भार समुद्रसपाटीला सुमारे 10.3 मीटर पाणी तोलतो. कोल्हापूर त्याहून उंच असल्याने इथे हा आकडा आणखी थोडा खाली येतो. पाइपातले घर्षण आणि गळती धरली, तर सहा-सात मीटर हीच भरवशाची मर्यादा. पाणी त्याहून खोल असेल तर काठावरचा पंप कितीही अश्वशक्तीचा घेतला तरी उपयोग नाही. तो विहिरीत खाली टप्प्यावर बसवावा लागतो. सक्शन पाइपाच्या तळाचा फूटवॉल (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळला की पाणी उतरते, पंप ‘एअर धरतो’ आणि पुन्हा पाणी भरल्याशिवाय चालत नाही.

सबमर्सिबल ही अडचण मुळातूनच टाळते. मोटर आणि एकावर एक बसवलेले पंखे पाण्यातच असतात आणि पाणी खालून ढकलले जाते. बोअरला वरच्या मुरमापुरता केसिंग पाइप घालतात. खाली घट्ट कातळ स्वतःच भिंत असतो.

नदीकाठच्या गावांत मात्र उपशाचे केंद्र जॅकवेल आहे. नदीला लागून खोल बांधलेल्या या विहिरीत नदीचे पाणी येते, तिथून पाइपलाइनने ते वरच्या उसाला चढवले जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपताच बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात, म्हणून उन्हाळ्यातही नदीतल्या पाण्याची पातळी टिकते. पावसाळ्यात बरगे काढतात, आणि पूर चढू लागला की काठावरच्या मोटारी उचलून उंचावर नेतात.