लसणाची चटणी आणि ‘रक्तातली’ चव

गेल्या जुलैत, ऐन पावसात, माझी पुतणी टोरांटोहून बेळगावजवळच्या खानापूरला आली. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी, दोघंही तिकडेच जन्मलेली. पहिल्याच दिवशी मुलीनं भाकरीबरोबर लसणाची चटणी मिटक्या मारत खाल्ली. मुलगा मात्र नाक दाबून ताटावरून उठला. शेजारच्या आज्जी मुलीकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, “रक्तच ते बेळगावचं!” मग भावाचं रक्त कुठलं?

गोडाची ओढ आणि कडूची नावड आपण जन्मतःच घेऊन येतो, हे खरं. पण आपण ज्याला स्वाद म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्यातले वायुरूप रेणू घशामागून नाकात चढतात. जीभ पाच मूळ चवी ओळखते, तर नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. यातले कुठले वास आपले मानायचे, हे बाळ शिकतं, आणि हे शिकणं जन्माआधीच सुरू होतं.

लसणाचंच बघा. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. खलबत्त्यात ती ठेचली की पेशी फुटतात, एका कप्प्यातलं गंधकाचं संयुग अ‍ॅलिन दुसऱ्या कप्प्यातल्या अ‍ॅलिनेज या विकराला (एन्झाइमला) भेटतं आणि क्षणात अ‍ॅलिसिन तयार होतं. नाकात झणकतं ते हेच. अ‍ॅलिसिन फार टिकत नाही. त्यापासून गंधकाची नवी संयुगं बनत जातात आणि शरीरात शेवटी अ‍ॅलिल मिथाइल सल्फाइड तयार होतं. आतडी आणि यकृत यांच्या तावडीतून ते बरंचसं सुटतं, रक्तात मिसळतं आणि श्वासावाटे तासन्‌तास बाहेर पडत राहतं. म्हणून दात कितीही घासले तरी लसणाचा वास जात नाही, कारण तो रक्तातून येत असतो. लसणाचा वास आईच्या दुधात उतरतो, तसा गर्भजलातही. फिलाडेल्फियात संशोधक ज्युली मेनेला यांनी १९९५ मध्ये हे तपासलं. गर्भजलाची तपासणी ठरलेल्या काही स्त्रियांना आधी लसणाच्या कॅप्सूल दिल्या. लसूण घेतलेली एक आणि न घेतलेली एक अशा पाच जोड्यांपैकी चारांत, लसूण घेतलेल्या स्त्रीच्या गर्भजलाचा वास लोकांनी नुसत्या नाकानं ओळखला. शेवटच्या महिन्यांत गर्भ रोज अर्ध्या लिटरहून जास्त गर्भजल गिळतो. ज्या घरात भाकरी म्हणतात आणि ज्या घरात तिलाच कानडीत जोळद रोट्टी, त्या दोन्ही घरांतल्या बाळांना आईच्या ताटातला लसूण असाच भेटतो.

२००१ मध्ये मेनेला यांनी गाजराच्या रसावर प्रयोग केला. गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात आईनं तो नेमानं प्यायला असेल, तर बाळानं पुढे गाजराची पेज तोंड फारसं वाकडं न करता खाल्ली.

हे वाचून कुणी गर्भसंस्काराचं पॅकेज घ्यायला धावू नये. पोटातलं बाळ श्लोक पाठ करत नाही आणि केशर-दुधानं गोरं होत नाही. इथे घडते ती फक्त वासाची ओळख.

पुतणीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काका, ह्याच्या वेळी मी ऑफिसला जायची. शेजारी बसणाऱ्यांना वास येतो म्हणून लसूण सोडलेला. हिच्या वेळी लॉकडाऊन. घरीच होते, रोज चटणी खायची.” एका घरातल्या दोन लेकरांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या रेणूपायी ती चारचौघांत संकोचली, तोच पोटातल्या बाळाला आजोळची ओळख करून देऊ शकला असता, हे मनातून जात नाही.

आणि घरानं दिलेलं शाळेत पुसलंही जातं. मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८० मध्ये छापलेल्या प्रयोगात लहान मुलांना वेगळी भाजी आवडणाऱ्या सवंगड्यांबरोबर जेवायला बसवलं. चारच दिवसांत त्यांची निवड सवंगड्यांकडे झुकली. पुतणीच्या मुलाच्या डब्यात पूर्वी मेथीचे पराठे असायचे. दुसरीत त्यानं ते बंद करायला लावले.

सप्टेंबरपासून मुलगीही डबा घेऊन शाळेत जाणार होती. त्यात काय द्यायचं, हे पुतणीनं ठरवलं नव्हतं. चटणीच्या दोन बरण्या मात्र तिनं स्वतः बांधल्या. तीन-तीन पिशव्यांत गुंडाळल्या, वास बाहेर येऊ नये म्हणून.