बाण खंय गेलो?

पावसाळ्यात फोंड्याकडे वीज दिवसातून दोन-चारदा तरी डोळा मारते. म्हार्दोळजवळच्या एका वाचनालयात माझी मावशी पुस्तकांची नोंद जुन्या लॅपटॉपवर ठेवते. त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, मीच घातलेली. वीज गेली की ती झाकण मिटते, आली की उघडते. ऑगस्टात एकदा झाकण उघडलं आणि तिचा फोन आला, ‘अरे, हुंदीर हातांत आसा, पूण बाण खंय गेलो?’

प्रश्न तिने नेमका विचारला होता. उंदीर वेगळा, बाण वेगळा, आणि दोघांतला कोण गेला हे आधी ठरवायला हवं. म्हटलं, ‘माउस नुसता फिरव, बटणांकडे बघ.’ ‘नवी नोंद’वर येताच ते बटण उजळलं, क्लिक केल्यावर उघडलंही. म्हणजे माउस शाबूत, त्याची वायर शाबूत. नाहीसं झालं होतं ते फक्त बाणाचं चित्र.

असं एकटंच चित्र कसं जातं? खिडक्या, अक्षरं, फोटो हे सगळं मिळून एक मोठं चित्र असतं. बाण बहुतेक वेळा त्यात नसतोच. आरशाला चिकटवून ठेवलेली टिकली आठवा. समोर उभं राहिलं की कपाळावर दिसते, पण असते काचेवर. ग्राफिक्स चिप बाणाचं छोटं चित्र वेगळं सांभाळते (अनेक चिपांत 64 × 64 ठिपक्यांचं, नव्यांत 256 × 256 पर्यंत) आणि मोठं चित्र पडद्याकडे जाता जाता त्यावर ही टिकली लावते. साध्या पडद्यावर हे सेकंदाला 60 वेळा चालतं. माउस हलला की फक्त दोन आकडे बदलायचे: आडवं किती, उभं किती. खालच्या चित्राला हात लावावा लागत नाही. युक्ती जुनी आहे. 1982 च्या कमोडोर 64 मध्ये खेळांतली पात्रं हलवायला असे 8 ‘स्प्राइट’ होते, आणि 1985 च्या अमिगावर माउसचा बाणच स्प्राइट होता.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि चिपमधली मांडामांड पुसली जाते. जाग आल्यावर ड्रायव्हरने, म्हणजे चिपला चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ती पुन्हा करायची: पडद्याचा आकार, मोठं चित्र कुठे ठेवलंय, शेवटी टिकली. यातली टिकली राहून गेली की मावशीचा फोन येतो.

याचा पुरावा मला फार आवडतो. स्क्रीनशॉट घेताना ‘पॉइंटर दाखवा’ हा पर्याय चालू ठेवायचा. स्क्रीनशॉटचा प्रोग्रॅम बाणाचं चित्र आणि जागा डिस्प्ले सर्व्हरकडून (पडद्यावर काय कुठे दिसायचं हे सांभाळणारा प्रोग्रॅम) मागून घेतो आणि स्वतः चिकटवतो. मावशीने मोबाइलने काढलेल्या पडद्याच्या फोटोत बाण नव्हता. त्याच वेळच्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र तो ऐन मधोमध उभा!

उपाय सोपा निघाला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबले की काळा, अक्षरांचा पडदा येतो. मग कंट्रोल, ऑल्ट, एफ7 ने परत. काही लिनक्समध्ये परतीची कळ एफ1 किंवा एफ2 असते, काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. या जा-ये मध्ये ड्रायव्हर पडदा नव्याने मांडतो, टिकलीसकट. बाण आला.

बाकीची कारणं किरकोळ. बाण एकाच खिडकीवर जात असेल, तर तो त्या प्रोग्रॅमनेच लपवलाय. टाइप करताना बरेच प्रोग्रॅम तसं करतात. बटणं उजळतच नसतील, तर माउसचा सेल किंवा कळीने बंद झालेला टचपॅड बघा. आणि दुसरा पडदा जोडलेला नाही ना, तेही. चतुर्थीला आरत्या लावायला टीव्हीला जोडलेली केबल आमच्या घरी तशीच राहिली होती. टीव्ही बंद, बाण त्याच्यावर, आणि मी अर्धा तास ड्रायव्हरला शिव्या घालत होतो.

वाचनालयात बाण पुन्हा पुन्हा हरवू लागला, तेव्हा आधी नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घालून पाहिला. फरक पडला नाही. शेवटी एक्स-ऑर्गच्या (मावशीच्या लॅपटॉपवरचा डिस्प्ले सर्व्हर) सेटिंगमध्ये ‘एसडब्ल्यूकर्सर’ चालू केलं. (एक्स-ऑर्गऐवजी नवं वेलँड असेल, तर हा पर्याय ज्या त्या डेस्कटॉपचा वेगळा असतो.) आता टिकली नाही, बाण थेट चित्रातच रंगवला जातो: खालचा तुकडा बाजूला ठेवायचा, बाण काढायचा, हलला की तुकडा परत लावायचा. लांब यादी सरकवताना तो थोडा लुकलुकतो. मावशीने एवढंच विचारलं, ‘ताकाय वीज गेली काय?’