बदाम खाल्ले की डोकं चालतं, खरंच?

परीक्षेच्या सकाळी मूठभर बदाम-अक्रोड खा, मेमरी वाढते, हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि पुरावा काय तर म्हणे अक्रोड मेंदूसारखा दिसतो (मग राजमा किडनीसाठी खायचा का?). एका सकाळीत असलं काही होत नाही. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियात सुमारे ७०० निरोगी ज्येष्ठांवर २ वर्षं ट्रायल झाली, एका गटाला रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड, दुसऱ्याला नाही, २०२० मध्ये रिझल्ट आला तर स्मरणशक्ती वगैरेच्या टेस्टमध्ये एकंदरीत फरक नाही. अर्थात नट्स कोलेस्टेरॉलसाठी चांगलेच, रक्तवाहिन्या नीट राहिल्या तर मेंदूलाही बरं, पण तो हिशोब वर्षांचा असतो.

आणि जेवल्यावर सगळं रक्त पोटात जातं म्हणून डोकं बंद पडतं, हेही तसंच. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर सहसा कमी होऊ देत नाही. दुपारची सुस्ती बरीचशी शरीराच्या घड्याळामुळे येते, न जेवताही येते, फक्त भरपेट जेवलं की जास्त जाणवते. म्हणून दुपारी पेपर असेल तर नेहमीच्या वेळेला, थोडं हलकं खा. बदाम भूक लागली तर खा की.