ओनागादोरी कोंबडा पिसे टाकतच नाही, हा गैरसमज

जपानच्या कोची प्रांतातील ओनागादोरी या शोभेच्या कोंबड्याची शेपटी अनेक मीटर लांब वाढते. हा पक्षी पिसे कधीच टाकत नाही, असे म्हटले जाते. ते खरे नाही. दिवस लहान होऊ लागले की त्याच्याही मानेची, छातीची आणि पंखांची पिसे इतर कोंबड्यांप्रमाणेच झडून नवी येतात. झडत नाहीत ती फक्त शेपटीची आणि तिच्या बुडाजवळची काही पिसे, आणि हा गुण आनुवंशिक आहे.

उंच, अरुंद खुराड्यात ठेवल्यामुळे शेपटी वाढते, हाही समज तितकाच चुकीचा आहे. खुराडे वाढलेल्या पिसांचे घाणीपासून आणि मोडण्यापासून रक्षण करते, इतकेच. पूर्ण वाढलेला पिसाचा भाग निर्जीव असल्याने तो तुटल्यास सांधला जात नाही, आणि साधा कोंबडा पुढच्या पीसगळतीत जे नुकसान भरून काढतो, ते भरून यायला येथे कित्येक वर्षे लागतात. १९५२ साली जपानमध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा, म्हणजे जपण्याजोग्या राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा, दर्जा मिळालेल्या या जातीच्या पाळकांची खरी मेहनत म्हणूनच मला या राखणीत दिसते.

पिसे मुख्यतः केराटिन या प्रथिनाची बनतात. त्यामुळे पीसगळतीच्या काळात प्रथिनयुक्त खाद्य तोडणे कोणत्याही जातीला हानिकारकच आहे.